चपला झिजल्या पाहिजेत : मराठीत अद्भुतकथा कशी रचावी

वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला लोक तिथे केळ्यांचे घड नेतात आणि चामड्याच्या चपला नेतात, माणसाच्या पायाला कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. श्रद्धा अशी की देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून त्याला नवा जोड लागतो.

फँटसी लिहू पाहणाऱ्याला शिकण्यासारखं बरंच काही या एका प्रथेत आहे. देवाची ताकद अफाट, पण त्यालाही पायी चालावं लागतं. चाललं की चामडं झिजतं. चामडं झिजलं की कुणीतरी नवा जोड शिवायला बसतो, कुणीतरी पैसे मोजतो, कुणाचा तरी नवस त्यावर अडलेला असतो. अद्भुत गोष्टीचा पाय असा व्यवहारात अडकला की ऐकणारा शंका घेत नाही.

नवख्या लेखकांच्या खर्ड्यांत नेमकं हेच नसतं. तलवारी पेटतात, ऋषी वाऱ्याला थांबवतात, राजकन्या गरुड होते, आणि यातलं काहीच कुणाला महागात पडत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत मी फिरून फिरून एकच प्रश्न विचारणार आहे: झीज कुठे होते, आणि ती कोण सोसतं?

पहिली पायरी : एकच अद्भुत गोष्ट, आणि तिची किंमत

वहीत आधी एक वाक्य लिहा. या जगात असं काय घडतं, जे आपल्या जगात घडत नाही? एकच गोष्ट घ्या. उडते घोडे, बोलकी झाडं आणि अमरफळ सगळं एकदम नको. पहिली कथा चार-पाच हजार शब्दांत आटोपायची आहे. आणि कृपा करून नकाशा काढू नका. नकाशापासून सुरुवात करणारा लेखक काही महिन्यांनी बारा राज्यांच्या वंशावळी घेऊन भेटतो, आणि त्यातला एकही माणूस अजून घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडलेला नसतो.

लेखभर एकच उदाहरण रचत जाऊ. विहीर खोदण्याआधी आपल्याकडे पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा बेचक्याची काठी धरून तो रानातून चालतो. नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं खणा. आता समजा, येसू नावाची एक पाणाडी आहे आणि तिला जमिनीखालचं पाणी खरोखर ऐकू येतं.

दुसरं वाक्य किमतीचं. इथे पहिल्या झटक्यात सुचतं ते बहुतेक वेळा टाकाऊ असतं: तिला थकवा येतो, नाकातून रक्त येतं, आयुष्य कमी होतं. थकवा झोपेनं जातो, रक्त पुसता येतं, आणि कमी झालेलं आयुष्य कथेच्या चार दिवसांत कुणाला दिसत नाही. किंमत अशी हवी की ती डोळ्यांसमोर वसूल होईल, परत मिळणार नाही आणि कुठल्या तरी नात्यात जाऊन रुतेल. जरा ताणून पाहिल्यावर हे सुचलं: जमिनीखालचं पाणी ऐकू येण्याआधी शेवटी ज्याचा आवाज येसूच्या कानावर पडला, त्या माणसाचा आवाज तिला पुन्हा कधीच ऐकू येत नाही. बाकी सगळं जग ऐकू येतं. तेवढा एक आवाज जातो.

किंमत चांगली आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. तिच्यात लबाडी करता येते का ते बघा. थकव्यात काय लबाडी करणार? पण शेवटच्या आवाजात करता येते. परक्या माणसाला आधी बोलायला लावता येतं. ज्याचं तोंड बघवत नाही अशा सावकारालाच मुद्दाम बोलतं करता येतं. दुसऱ्या कुणाला येसूवर सूड म्हणून तिच्या नवऱ्याला ऐन वेळी हाक मारायला लावता येतं. लबाडीची शक्यता दिसली की कथानक आपोआप हलायला लागतं.

दुसरी पायरी : नियमाला दोन्हीकडून धार

वेताळपंचविशी आपण लहानपणी चित्रांच्या पुस्तकांत वाचलेली असते, त्यामुळे तिची रचना किती कसलेली आहे याकडे लक्ष जात नाही. राजानं प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालायचं आहे. बोलला तर वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लटकणार. पण गोष्ट संपल्यावर वेताळ प्रश्न विचारतो आणि उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याच्या चिंधड्या होणार. बोललं तरी नुकसान, न बोललं तरी नुकसान. त्यात राजा शहाणा आणि न्यायी, म्हणजे त्याला उत्तरं येतात आणि तीच त्याची अडचण होते. नियम आणि स्वभाव इथे एकमेकांत अडकले आहेत. मूर्ख राजाला हे प्रेत एका फेरीत नेता आलं असतं.

आणि शेवट बघा. बाप आणि मुलगा एका मुलीशी आणि तिच्या आईशी लग्न करतात, तेही उलटसुलट, बापाची मुलीशी आणि मुलाची आईशी गाठ पडते. मग त्यांच्या मुलांचं आपापसांत नातं काय? राजाला उत्तर येत नाही, म्हणून तो गप्प राहतो, आणि डोकं शाबूत राहतं. सुटका बाहेरून आलेली नाही. सुरुवातीलाच सांगितलेल्या नियमातच ती फट होती.

तुमच्या नियमातही अशी एक फट सुरुवातीलाच ठेवा, आणि तिच्याबद्दल वाचकाला काही सांगू नका. येसूच्या नियमात ती कुठे आहे हे शेवटाकडे येईल. तूर्त एवढंच टिपून ठेवा की येसूच्या गावचे, म्हणजे करंजमाळचे पाणाडे काम करताना तोंडातून अक्षर काढत नाहीत आणि लोक ते सोवळं समजतात.

तिसरी पायरी : नियम गावात मोकळा सोडा

वर्ल्डबिल्डिंग या शब्दाचा फार बाऊ झालेला आहे. जग उभं करायचं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास लिहायचा नसतो. नियम माणसांत सोडायचा आणि माणसं त्याचं काय करतात ते बघायचं.

करंजमाळच्या लोकांनी काय केलं असेल? पाणाडीला पाणी लागण्याआधी कुणाचा तरी आवाज जाणारच, तर तो आपल्या घरातल्याचा जाऊ नये. म्हणून गाव एक माणूस ठरवतं. त्याला निरोप्या म्हणतात. पाणाडी शिवारात उतरण्याआधी तो तिच्याशी दोन शब्द बोलतो, आणि त्यानंतर विहिरीची जागा सापडेपर्यंत गाव मिठाची गुळणी धरून बसतं. निरोप्याला पायलीभर ज्वारी मिळते. आता विचारा, निरोप्या कोण होतो? पाटलाचा मुलगा? शक्यच नाही. ज्याचं बोलणं कुणी ऐकलं नाही तरी चालतं, असा माणूस होतो. म्हातारा गडी, माहेरी परत आलेली आत्या, हद्दीबाहेर राहणारं कुटुंब. एका प्रश्नातून गावाची उतरंड उघडी पडली, आणि त्यासाठी राजा-महाराजांची एकही लढाई लिहावी लागली नाही.

असेच आणखी प्रश्न विचारत जा. या ताकदीवर पैसा कोण कमावतो? सोसतो कोण? ती कुणाला मना आहे? पोरांना तिच्याबद्दल काय सांगून झोपवतात? भांडणात कोणती शिवी देतात? करंजमाळात दोन बायका पाणवठ्यावर भांडताना ‘तुझा आवाज विहिरीत जावो’ म्हणत असतील. ही एक शिवी दोन पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करते.

चौथी पायरी : पात्राचं अडलेलं काम

आता येसू. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण फँटसीत सगळ्यात आबाळ पात्राचीच होते. जादू नवी असते आणि नायक मात्र दरवेळी तोच, अनाथ आणि कुणी तरी भविष्य वर्तवलेला.

आपली भुतं बघा. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. साठवलेल्या धनावर जीव अडकलेला, वारस नसलेला माणूस समंध होतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते. प्रत्येक भूत म्हणजे अर्धवट राहिलेलं एक काम. आपल्या आज्यांनी भुतांची वर्गवारी शिंगं-दातांवरून केली नाही, काय राहून गेलं यावरून केली. जिवंत पात्रालाही हीच कसोटी लावा: याचं काय अडलंय?

पात्राची शंभर प्रश्नांची फाइल भरून घेतात, आवडता रंग, जन्मरास, उंची वगैरे, त्यातून मला तरी कधी पात्र उभं राहिलेलं दिसलं नाही. चार गोष्टी पुरतात. त्याला काय हवंय. त्याला कशाची भीती आहे. त्याच्या मनात स्वतःबद्दल किंवा जवळच्याबद्दल कोणता गैरसमज घट्ट बसलाय. आणि तो गैरसमज बसला तो प्रसंग कोणता.

येसूला काय हवंय? करंजमाळात स्वतःच्या नावावर दोन एकर रान, म्हणजे कुणाच्या शिवारात नारळ घेऊन फिरायला नको. भीती? आपला उपयोग संपला की आपल्याला कुणी विचारणार नाही. गैरसमज? बापानं आपला आवाज जाणूनबुजून घालवला. तिचा बाप आबा हाही पाणाड्या होता. येसू सात वर्षांची असताना तो पाटलाच्या रानात उतरला, पाणी लागलं, आणि त्या दिवसापासून त्याला येसूचं बोलणं ऐकू येईना. तिनं मनाशी धरलं की निरोप्याची ज्वारी वाचवायला त्यानं पोरीला पुढे केलं.

खरं काय होतं? निरोप्या ठरलेला होता, त्याचं बोलून झालं होतं. आबा शिवारात उतरला, आणि ‘आबा, भाकर’ म्हणत येसू बांधावरून पळत आली. तिला ते आठवतसुद्धा नाही. आणि आबानं तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पोरगी जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती.

हे वाचकाला कळवायचं कसं? आबाच्या तोंडून कबुली काढू नका. वागण्यात पेरा. पहिल्याच दृश्यात, रात्री जेवायला बसल्यावर आबा चिमणी उचलतो आणि येसूच्या चेहऱ्याजवळ सरकवतो. येसू वैतागते, धूर डोळ्यांत जातो म्हणून चिमणी परत मागे ढकलते. तो पुन्हा सरकवतो. वाचकाला वाटतं, म्हाताऱ्याची खोड असेल. दुसऱ्यांदा हेच घडतं तेव्हा वाटतं, याला कमी दिसत असेल. सगळ्यात शेवटी कुणीतरी तिसराच सहज बोलून जातो की आबा माणसाचे ओठ बघून बोलणं ओळखतो, आणि तेव्हा येसूला चिमणी आठवते. वीस-बावीस वर्षं हा माणूस रोज रात्री तिचे ओठ दिसावेत म्हणून उजेड जवळ घेत होता. असा एखादा बारीक तपशील, तीन वेळा आलेला आणि दरवेळी वेगळा अर्थ दिलेला, पात्राच्या भूतकाळाचं आख्खं प्रकरण वाचवतो.

पात्र बदलतं ते उपदेशानं बदलत नाही, निवडींनी बदलतं. येसूसमोर तीन निवडी ठेवू. पहिली सोपी: गावानं दिलेला निरोप्या घ्यायचा, काम करायचं, पैसे मोजायचे. ती घेते. दुसरी मोहाची: ज्याच्याकडे आबाची जमीन गहाण आहे त्या सावकारालाच निरोप्या करायचं, म्हणजे त्याचा आवाज कायमचा बंद. ती खूश होते. पण पंचांसमोर गहाणखताचा वाद उभा राहतो तेव्हा सावकार समोर उभा राहून काय काय आरोप करतोय हे तिला ऐकूच येत नाही. पंचांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घेत ती उत्तरं देत राहते आणि जमीन जाते. स्वतःच्याच हुशारीचा दणका बसल्याशिवाय पात्राला तिसऱ्या निवडीपर्यंत नेऊ नका. तिसरी निवड पुढे.

पाचवी पायरी : ‘मग’ खोडून ‘म्हणून’ लिहा

घटना एकामागून एक लावणं म्हणजे कथानक नव्हे. हे समजायला गुणाढ्याची कथा पुरते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच ती येते, आणि तिचा राजा आपला सातवाहन आहे, प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा.

राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. पाण्याचे सपकारे खाऊन दमलेली राणी म्हणते, ‘मोदकैः’. तिला म्हणायचंय मा उदकैः, पाणी नको. राजाला संस्कृत बेताचं. तो मोदकांची ताटं मागवतो. राणी हसते, त्याला शब्दांचा संधीसुद्धा सोडवता येत नाही म्हणून टोचते. राजा शरमेनं अन्नपाणी सोडतो, म्हणून मंत्री हवालदिल होतात. त्यांच्यातला पंडित गुणाढ्य म्हणतो, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्याचा अहंकार दुखावतो, म्हणून तो पैज लावतो: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा म्हणतो, नाही जमलं तर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. शर्ववर्मा जिंकतो, म्हणून पंडिताकडे बोलायला भाषाच उरत नाही. तो रानात जातो, पिशाचांची भाषा शिकतो, म्हणून त्याची महाकथा पैशाचीत होते. रानात शाई नाही म्हणून ती रक्तानं लिहिली जाते. सात वर्षं, सात लाख श्लोक. शिष्य ती राजाकडे नेतात. भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, म्हणून राजा झिडकारतो. गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान वाचतो आणि जाळतो. पशुपक्षी चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहतात, म्हणून त्यांच्या अंगावर मांस राहत नाही. मुदपाकखान्यात वाळकं मांस येतं, म्हणून राजा आजारी पडतो. चौकशी करत तो स्वतः रानात पोहोचतो, तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. एक लाख वाचतात.

शिकारी, स्वयंपाकी, वैद्य, सगळे या साखळीत कामाला लागले आहेत. जनावरं गोष्ट ऐकून रडतात ही अद्भुत घटना, पण तिचा परिणाम राजाच्या ताटात वाळकं मांस म्हणून वाढला जातो. आणि कडी जोडताना प्रत्येक वेळी कुणाचा तरी स्वभाव वापरलाय: राजाची शरम, गुणाढ्याचा तोरा, पुन्हा राजाची शिष्ट नाकं मुरडण्याची सवय. यातला एक स्वभाव बदला, साखळी तिथेच तुटते.

तुमच्या खर्ड्यातल्या घटना एकेका ओळीत एकाखाली एक लिहा. दोन ओळींमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर ठेवा. फक्त ‘मग’ बसत असेल तर त्यातली एक घटना उपरी आहे. माझ्या अनुभवात ती बहुधा लेखकाची सगळ्यात लाडकी लढाई असते.

सहावी पायरी : विरोधक

लवकर उरकण्यासारखी पायरी. विरोधकाला काळे कपडे आणि गडगडाटी हसू देऊ नका. नायकाला जे हवंय तेच किंवा त्याच्या आसपासचं काही त्यालाही हवं असू द्या. आपल्या सावकाराला येसूचं वाईट करायचं नाही. पाणी लागणारं रान कोणतं हे आधी कळलं तर ते स्वस्तात विकत घेता येईल, एवढाच त्याचा हिशोब. त्याच्या बाजूनं एक पान लिहून काढा, कथेत न वापरण्यासाठी. ते पान लिहिताना तुम्हाला त्याचं म्हणणं थोडं पटलं, तर विरोधक जमला.

सातवी पायरी : सांगू नका, शिरा

समजा कथेची सुरुवात अशी केली:

*करंजमाळ प्रदेशात प्राचीन काळापासून जलश्रवा नामक पंथ अस्तित्वात होता. या पंथातील व्यक्तींना भूगर्भातील जल ऐकू येत असे, परंतु त्याबदल्यात त्यांना एका व्यक्तीचा ध्वनी कायमचा गमवावा लागत असे.*

हे गॅझेटिअर झालं. आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं:

*येसू वेशीत शिरली तशा बायांनी पोरांच्या तोंडांवर हात ठेवले. पारावर एक म्हातारा बसवला होता, नवं धोतर नेसवून. त्याच्या पुढ्यात ज्वारीची पायली. पाटलानं नुसतं बोटानं दाखवलं. म्हातारा उठला, येसूच्या कानाशी आला आणि म्हणाला, ‘माझं नाव गेनू. एवढंच बोलायला सांगितलंय.’ जरा थांबून म्हणाला, ‘धोतर नवं हाय.’*

नियम अजून सांगितलेला नाही, तरी गाव कशाला तरी घाबरतंय हे कळलं, मोबदला कळला, हुकूम कुणाचा चालतो ते कळलं. आणि ‘धोतर नवं हाय’ या जास्तीच्या तीन शब्दांत गेनू माणूस झाला. वाचकाला दोन-तीन पानं न कळलेल्या अवस्थेत ठेवायला भिऊ नका. फक्त पात्रांना सगळं कळतंय असं वागवा. ज्या गोष्टी करंजमाळात सगळ्यांना ठाऊक आहेत, त्या तिथलं कुणीही दुसऱ्याला समजावून सांगणार नाही. ‘तुला माहीतच आहे की आपले पूर्वज...’ अशी सुरुवात झालेला संवाद दिसला की तांबडी रेघ मारा.

आठवी पायरी : भाषा

मराठीत अद्भुतकथा लिहिताना पेन आपोआप ‘हे राजन्’कडे वळतं. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांनी लावलेली ही सवय आहे. दुसऱ्या टोकाला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणारा यक्ष. दोन्ही टाळायचे तर निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि संवादाला एकाच भागाची बोली द्या, तुमच्या कानात मुरलेली. अर्धी मालवणी, अर्धी वऱ्हाडी असं कडबोळं केलं तर मालवणचा वाचकही हसतो आणि अकोल्याचाही. घड्याळ नसलेल्या जगात ‘पाच मिनिटांनी’ काही घडत नाही. तिथे दिवस कासराभर वर येतो, गुरं परततात, गाव कोसावर असतं.

एक हत्यार मराठीत फुकट मिळालंय आणि ते फार कमी जण वापरतात. तू, तुम्ही, आपण. पाटील आधी ‘ये येसे, बस तिकडं’ म्हणतो. रान कोरडं पडल्यावर ‘या येसूबाई, बसा’ म्हणतो. पाणी लागून मोट चालू झाल्यावर पुन्हा ‘येसे’. सत्ता कुठून कुठे गेली आणि परत कुठे आली, हे तीन वाक्यांत झालं. कथेतल्या प्रत्येक जोडीसाठी कोण कुणाला काय म्हणतं, आणि ते कुठल्या प्रसंगी बदलतं, याची यादी आधी करून ठेवा. सावकार मात्र सुरुवातीपासून अखेरपर्यंत ‘येसूबाई, तुम्ही’ असाच बोलू दे. त्याच्या अदबीचीच भीती वाटली पाहिजे.

नावांच्या बाबतीत फार लांब जाऊ नका. झाल्गोर, मृथेन असली नावं उच्चारताना वाचकाची जीभ अडते. येसू, गेनू, करंजमाळ ही नावं कल्पित जगात सहज खपतात, कारण त्यांना मातीचा वास आहे आणि तरी नेमकं गाव नकाशावर शोधावंसं वाटत नाही.

नववी पायरी : शेवट नियमातून काढा

तिसरी निवड. मोठा दुष्काळ. आबा खाटेवर, गाव सोडून चाललेलं, निरोप्या व्हायला कुणी मागे उरलेलं नाही. घरात दोघंच. येसूनं पाणी ऐकलं तर आबाचा आवाज जाईल.

पहिला सुचणारा शेवट: ती आबाचा आवाज घालवते, गाव वाचतं. दुःखद आहे, पण वाचकानं तो चार पानं आधीच ओळखला. दुसरा: आबा स्वतःहून बोलतो, त्याग करतो. यात येसूची निवड तिच्या हातून काढून घेतली, म्हणून तोही बाद. तिसऱ्यासाठी पहिल्या पानावर पेरलेली फट उघडा: पाणाडे काम करताना बोलत का नाहीत? कारण शेवटचा आवाज स्वतःचाही असू शकतो. येसू रानात उतरते आणि मोठ्यानं स्वतःचं नाव घेते. पाणी लागतं. इथून पुढे ती बोलेल, पण बापाला तिचा आवाज ऐकू येणार नाही आणि तिलाही नाही. रात्री जेवताना चिमणी ती स्वतःच आपल्या तोंडापाशी ओढून घेते की नाही, हे तुमच्यावर. मी ते लिहिणार नाही. वाचकाला चिमणी आठवतेच आहे.

खर्डा पूर्ण झाला की दोन आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जिथे वाचताना तुम्हीच घाई करता, ती जागा बहुतेक वेळा माहितीची असते; ती कापा. अद्भुत गोष्ट जिथे जिथे वापरली गेली तिथे समासात खूण करा आणि प्रत्येक खुणेसमोर काय झिजलं ते लिहा. समास कोरा राहिला तर ती जादू फुकटची आहे; एक तर किंमत लावा, नाहीतर प्रसंग काढा. नंतर फक्त संवाद वाचा, ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ झाकून. कोण बोलतंय हे ओळखता आलं नाही तर दोन पात्रांची एकच जीभ आहे.

कथा पाठवायची तर दिवाळी अंक हे अजूनही मोठं दार आहे. मजकूर जमवायचं काम दिवाळीच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं, तेव्हा श्रावण-भाद्रपदात जागं होऊन उपयोग नाही. उन्हाळ्यातच संपादकांना विचारा आणि शब्दमर्यादाही विचारून घ्या. फाइल युनिकोडमध्ये द्या. सोबत ‘माझ्या जगाची ओळख’ म्हणून टिपण जोडू नका, आणि ही सात भागांच्या मालिकेची सुरुवात आहे असंही पत्रात लिहू नका.